भिंतीतला सांधा

वैदेही मॅडमचा फोन आला तेव्हा मी अंगणात सुकत घातलेल्या बोंबलांवरचे कावळे हाकत होतो.

"कान्हाकाका, आपल्या वाचनालयाला बक्षीस मिळालं. यंदाचं पहिलं!"

मॅडम आर्किटेक्ट. आर्किटेक्ट लोकांची एक संस्था दरवर्षी राज्यातल्या दहा नव्या इमारती निवडते आणि त्यांतल्या एकीला पहिलं बक्षीस देते. यंदाच्या दहांत नागपूरकडचं विटांचं हॉस्पिटल होतं, कोकणातला जांभ्याचा बसस्टँड होता, उरणची एक शाळा होती. आणि पहिलं आलं होतं ते बेलापूरच्या खाडीकाठचं आमचं वाचनालय. आमचं म्हणजे, मॅडमनी कागदावर काढलेलं आणि मी मिस्त्री म्हणून उभं केलेलं.

"परीक्षकांना कुठली गोष्ट सगळ्यात आवडली, सांगा बघू?" मॅडम म्हणाल्या. "ती भिंतीवरची रेघ. भरतीचं पाणी लागून गेल्यासारखी दिसते म्हणाले. काका, रविवारी वाशीच्या हॉलमध्ये तुमचा सत्कार आहे. शाल, श्रीफळ. दोन शब्द बोलायची तयारी करून या."

मी बरं म्हणालो. फोन ठेवला आणि कावळे हाकायचं विसरलो. गोजरा आतून ओरडली, "अवं, दोन बोंबील नेलं ना त्यानं! कुनाचा फोन हाय?"

"वाचनालयाचा," मी म्हणालो. माझ्या बायकोला तेवढंच पुरलं. आतून परत भांड्यांचा आवाज यायला लागला. ती रेघ कशी पडली हे आमच्या घरात तिला आणि मला, दोघांनाच माहीत होतं.

ती गोष्ट दोन हजार एकोणीसच्या मे महिन्यातली. वाचनालयाची खाडीकडची भिंत चाळीस फूट लांब. मॅडमना ती बिनगिलाव्याची हवी होती. शटरिंगच्या, म्हणजे माल ओतायच्या साच्याच्या, फळ्या काढल्या की जे दिसेल ते कायमचं, वरून प्लॅस्टर नाही, रंग नाही. अशा भिंतीत काँक्रीटचा माल ओतायला सुरुवात केली की थांबायचं नसतं. मध्ये थांबलं तर खालचा माल घट्ट होतो, वरचा त्याला धरत नाही, आणि दोघांच्या मध्ये रेघ राहते. आम्ही तिला सांधा म्हणतो. माल कधी सुरू करायचा, कधी थांबवायचा, हे मिस्त्रीने सांगायचं.

फळ्या मानसिंगने बांधल्या होत्या. मानसिंग सुतार, कराडकडचा. मीच त्याला या साइटवर लावला होता, आणि आमच्या चाळीतली एक खोली त्याला भाड्याने दिली होती. त्याचं काम इतकं नीट की दोन फळ्यांच्या मधून मुंगी जाणार नाही. शिवाय तो मला आणखी एका कामाला लागायचा. प्रत्येक भरणीचं, म्हणजे माल ओतण्याचं, एक कार्ड लिहावं लागे, किती वाजता सुरू, किती वाजता संपली, कोण हजर होतं. मला तेव्हा अक्षरओळख नव्हती. तो लिहायचा, मी खाली अंगठा उठवायचो.

त्या दिवशी माझ्या पुतण्याची हळद होती. आम्हा आगऱ्यांकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. सख्खा काका नाही आला तर भाऊ जन्मभर बोलून दाखवेल. अर्धी भिंत भरून झाली, आणि मी मिक्सरवाल्याला म्हणालो, जेवणाची सुट्टी करा, अर्ध्या तासात येतो. मानसिंग म्हणाला, "मिस्त्री, ऊन लई हाय. माल घट्ट हुईल."

"अर्ध्या तासानं काय होत नाय," मी म्हणालो.

मटण होतं, वाजवायला बेंजो होता, आणि बाटली होती. पावणेदोन तासांनी परत आलो तेव्हा माझे डोळे लाल होते. मानसिंगने ओली पोती पसरून ठेवली होती, पण मेच्या उन्हात पोती काय करणार? मी काही न बघता पुढचा माल ओतायला लावला.

तीन दिवसांनी फळ्या उघडल्या. भिंतीच्या मधोमध काळपट रेघ, एका अंगाला जरा उतरलेली. श्यामसुंदर शेठ, आमचे कॉन्ट्रॅक्टर, डोक्याला हात लावून उभे राहिले. "मॅडम ही भिंत पाडायला सांगणार. काम का थांबवलं होतं? कुणी थांबवलं?"

वीसेक माणसं उभी होती. मी बोललो, "शेठ, शटरिंग फुगलं. मानसिंग दुपारी पिऊन आला होता, फळ्या सैल राहिल्या. टेकू देईपर्यंत थांबावं लागलं."

हे वाक्य मी ठरवून आलो नव्हतो. ते तोंडातून आलं, आणि आल्यावर मी ते परत घेतलं नाही. मानसिंग माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं आता बोलेल. तो बोलला नाही. शेठनी त्याला तिथल्या तिथे काढला. महिनाअखेर त्याने माझी खोली सोडली. दारुडा सुतार म्हणून त्याचं नाव बेलापूर ते पनवेल झालं, आणि मोठ्या साइटवर त्याला पुन्हा कुणी घेतलं नाही.

मॅडमनी मात्र भिंत पाडली नाही. इंजिनिअरला आणून तपासून घेतली, भिंत मजबूत होती. मग बराच वेळ त्या रेघेसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "राहू दे. छान आहे." त्यांना वाटलं मालानेच आपल्या मनाने काढली. शेठनी त्यांना बाकी काही सांगितलंच नव्हतं.

पुढे लॉकडाऊन आलं, काम दोन वर्षं बंद. घरी बसल्या बसल्या मी नातीकडून, स्नेहलकडून, लिहा-वाचायला शिकलो. बासष्टाव्या वर्षी. वाचनालय गेल्या वर्षी उघडलं. एकदाच गेलो. पेपर हातात धरून बसलो, पण नजर त्या भिंतीवरून हलेना, म्हणून उठून आलो.

शनिवारी मॅडमनी मला हॉलवर बोलावलं. दहाही इमारतींचे मोठे फोटो, नकाशे लावले होते. आमच्या वाचनालयाच्या फलकासमोर नेऊन मॅडम म्हणाल्या, "हे बघा, खास तुमच्यासाठी मोठं करून लावलंय."

त्या दिवशीचं भरणीचं कार्ड होतं ते. खाली माझा अंगठा, निळ्या शाईचा. वर मानसिंगचं अक्षर. मी ते अक्षर शेकडो वेळा बघितलं होतं, वाचलं कधीच नव्हतं. आता एकेक शब्दावर बोट फिरवत वाचलं.

'सुरू ९.१०. पूर्ण ४.२०. काम सलग. कान्हामिस्त्री पूर्ण वेळ हजर.'

"गंमत बघा," मॅडम म्हणत होत्या, "कार्डावर सलग लिहिलंय, आणि रेघ तर आहे! परीक्षकांना हेच फार आवडलं. कान्हाकाका? पाणी देऊ का?"

मी पाणी प्यायलो. सहा वर्षं मला वाटत होतं की मानसिंग घाबरून गप्प बसला. तो माझा भाडेकरू होता, म्हणून. पण मी त्याच्यावर खोटं बोलायच्या तीन दिवस आधीच त्याने माझ्यासाठी खोटं लिहून ठेवलं होतं, आणि त्याच्याखाली मी अंगठा दिला होता.

घरी येऊन गोजराला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही.

"मी तवाच बोललू व्हती तुमाला. हलदीत मीच ताट वारलं, मीच बगलं कवरी पिलाव ते. आता शाल घेऊन येनार, ती कुटं ठेवनार? माज्या कपाटात जागा नाय."

"मग काय करू?"

"मना इचारताव? त्याचं घर ठाव नाय काय तुमाला?"

ठाऊक होतं. उलव्याच्या एका सोसायटीत मानसिंग दारं-खिडक्यांची किरकोळ कामं करतो, जवळच्या गावात खोली घेऊन राहतो, हे मी कधीच विचारून ठेवलं होतं. दोनदा रिक्षाने तिकडून गेलोही होतो, उतरलो नव्हतो. त्या दुपारी उतरलो.

दार त्याच्या बायकोने, सरोजिनीने उघडलं. आमच्या चाळीत होती तेव्हा भरल्या अंगाची होती. आता वाळली होती. मला ओळखलं आणि दारातून हलली नाही.

"मिस्त्रीदादा? आज वाट चुकलासा व्हय?"

"मानसिंग आहे का वहिनी?"

"हायेत की. आन शुद्धीवर हायेत. मी रोज दारात हुबी ऱ्हाऊन वास घेतल्याबिगर आत घेत न्हाई. सहा वर्सं झाली. लोकांपुढं एकदा गेली ती इज्जत, आता घरात तरी ऱ्हावी."

आत मानसिंग खाटेवर बसून एका खिडकीची जाळी ताणत होता. त्याने मान वर केली, खाली घातली.

मी उभ्यानेच सांगितलं. कार्ड वाचलं म्हणून, त्यात त्याने मला हजर लिहिलंय म्हणून. उद्या सत्कार आहे, त्याने माझ्याबरोबर यावं, स्टेजवर यावं, शाल त्याच्या खांद्यावर घालायला लावतो म्हणून.

"मला नगं शाल," मानसिंग म्हणाला. "तुमी हिला सांगा."

"काय?"

"तुमास्नी ठावं हाय काय ते. मी सहा वर्सं सांगतोय. माझ्या तोंडनं तिला पटत न्हाई."

सरोजिनी माझ्याकडे बघत होती. वीस माणसांपुढे खोटं बोलताना माझी जीभ अडखळली नव्हती. एका बाईपुढे खरं बोलायला मला भिंतीला हात लावावा लागला.

"वहिनी, त्या दिवशी तो प्यायला नव्हता. मी प्यायलो होतो. हळदीला गेलो होतो, काम टाकून. रेघ माझ्यामुळे पडली. नाव मी त्याचं घेतलं."

ती माझ्यावर ओरडेल असं वाटलं, तर नवऱ्याकडे वळली.

"आन तुमी? तुमी कागदावर ह्यांना हजर म्हनून लिवलं? कशापायी?"

मानसिंगने जाळीची तार बोटाला गुंडाळली, सोडली. "ज्याला वाचता येत न्हाई त्याच्याबद्दल वंगाळ कसं लिवायचं? पाठीमागनं बोलल्यासारखं हुतं ते."

सरोजिनी मटकन खाली बसली. पदर तोंडात धरून बसली. मानसिंग उठला नाही, तिच्याजवळ गेला नाही. सहा वर्षांत दोघांमध्ये काय काय झालं असेल ते मला त्या बसण्यावरून कळलं. मी निघायला वळलो.

"थांबा," ती म्हणाली. "मला एकलीला सांगून काय उपेग? वीस जणांत बोलला हुतासा ना? मंग लोकांतच सांगा. ह्ये येनार न्हाईत. मी येते ऐकायला."

रविवारी सकाळी अकराला हॉल भरला होता. आर्किटेक्ट, बिल्डर, कॉलेजची मुलं, फोटोवाले. दुसऱ्या रांगेत श्यामसुंदर शेठ. अगदी शेवटच्या रांगेत कडेला सरोजिनी, हिरवं पातळ नेसून, पिशवी मांडीवर घेऊन. मॅडमना मी सकाळीच सांगायला हवं होतं. त्या दारात भेटल्या, खूश होत्या, आईला घेऊन आल्या होत्या. माझ्याने सांगवलं नाही. हाही माझाच गुन्हा, तो नंतरचा.

शाल घातली, नारळ दिला, माइक पुढे केला. मी म्हणालो, "नमस्कार. ती रेघ भरतीची नाही. पुतण्याची हळद होती. माल अर्धा टाकून मी मटण खायला गेलो. दोन घोट घेतले. परत आलो तर खालचा माल सुकला होता."

हॉल हसला. एक जण ओरडला, "वा मिस्त्री!" सगळे टाळ्या वाजवायला लागले. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी माइक घेतला आणि म्हणाल्या, "किती निर्मळपणे सांगितलं! आगरी हळदीने महाराष्ट्राला एक सुंदर भिंत दिली!" आणखी टाळ्या. शेठही वाजवत होते. मानसिंगचं नाव माझ्या तोंडातच राहिलं होतं. आणि सांगायला लाज वाटते, त्या टाळ्या मला क्षणभर बऱ्या वाटल्या. सुटलो, असं वाटलं.

मी पायऱ्या उतरलो तर खाली सरोजिनी उभी होती. मधल्या वाटेने ती सरळ चालत पुढे आली होती.

"हसन्यात गेलं," ती म्हणाली. "परत सांगा. त्यांचं नाव घिऊन."

पुढच्याचं नाव पुकारलं गेलं होतं. बसस्टँडवाले आर्किटेक्ट उठून कोट सारखा करत होते. मी परत वर गेलो. बाई म्हणाल्या, "काका, काही राहिलं का?" मी माइक दोन्ही हातांनी धरला.

"मानसिंग सुतार त्या दिवशी प्यायलेला नव्हता. मी शेठना खोटं सांगितलं की तो प्यायला होता. त्याचं काम गेलं, माझं राहिलं. त्या कार्डावरचं अक्षर त्याचं आहे. त्यात मी हजर होतो असं लिहिलंय. मी हजर नव्हतो."

कुणी हसलं नाही. शेठ मोबाइलमध्ये बघू लागले. मॅडम पहिल्या रांगेत होत्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, बाजूच्या फलकाकडे, कार्डाकडे बघत होत्या, आणि त्यांच्या आई त्यांना हळूच काहीतरी विचारत होत्या. मी त्यांचाही दिवस घालवला होता. त्यांची माफी कशी मागायची हे मला अजून सुचलेलं नाही.

बाहेर आलो तेव्हा सरोजिनी जिन्याच्या कठड्याला टेकून फोनवर बोलत होती. मला बघून तिने पाठ केली, पण आवाज कमी केला नाही.

"बोललं. व्हय, तुमचं नाव घिऊन. दोनदा बोललं." तिने पलीकडचं ऐकून घेतलं. "न्हाई, दुसऱ्या खेपंला कोन हसलं न्हाई."