कात्रीसाठी खिळा

त्याने खिळ्यावरची कात्री काढली, पात्यांत अडकलेला निळा धागा नखाने ओढला आणि ती जुन्या टॉवेलात गुंडाळायला घेतली. शेजारच्या टेबलावरून गजकाठीची मान लगेच वर झाली. उंची भरपूर आणि अंगावर मांस नाही, म्हणून सगळा कारखाना त्याला त्याच नावाने हाक मारत असे.

"घरी नेतोस?"

"धार लावायची आहे."

"परवा तर लावून आणलीस."

"गेली पुन्हा," तो म्हणाला आणि टॉवेलाला गाठ मारली.

गजकाठी पुन्हा आपल्या कापडावर वाकला. गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यात प्रत्येक कटरची कात्री स्वतःची असे आणि भिंतीवरचा खिळाही. धार लावायची तर जेवणाच्या सुट्टीत कोपऱ्यावर जाऊन यायचं. रात्री कात्री खिळ्यावरच राहायची. घरी न्यायची ती एकदाच, काम कायमचं सोडताना. त्यामुळे ही थाप किती लंगडी आहे, हे दोघांनाही कळत होतं.

हा खिळा आधी त्याच्या वडिलांचा. डोळे अधू झाले तेव्हा बाबांनी मालकांकडे शब्द टाकला आणि मुलाला त्याच खिळ्याखाली उभं केलं. तेव्हापासून तो बाह्या, कॉलर आणि खिसे कापत आला होता. मालक वाईट नव्हते, पगारही वेळेवर होत होता. पण हल्ली सकाळी अंगठा दुमडत नव्हता आणि डोळे मिटले तरी समोर निळं कापड पसरलेलं दिसायचं. माणूस दमला म्हटलं की लोक कारण विचारतात, जणू त्याने ती दमणूक कुठून चोरून आणली आहे. दुसरं काम त्याने शोधलं नव्हतं. शोधायलाही आधी जरा टेकावं लागतं.

बायकोला सगळं माहीत होतं. तिच्या दवाखान्यातल्या नोकरीवर काही महिने निभावता येईल, असं तीच म्हणाली होती.

"ओढाताण होईल, पण होईल. फक्त बाबांना तू सांग. त्यात मला ओढू नकोस."

घोडं तिथेच पेंड खात होतं.

घरी आल्यावर त्याने टॉवेलाची गुंडाळी टेबलावर अलगद ठेवली, तरी आवाज व्हायचा तो झालाच. खिडकीपाशी बसलेल्या बाबांनी मान वळवली.

"आण इकडे."

त्याने गाठ सोडून कात्री त्यांच्या हातात दिली. बाबांनी ती कानाशी धरून उघडली, मिटली.

"धार तर चांगली आहे."

"हो."

"मग?"

वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं ऐनवेळी पसार झाली.

"जड झाली, बाबा," एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

बाबांनी कात्री मांडीवर ठेवली आणि त्याचा हात ओढून घेतला. अंगठ्याच्या मुळाशी पडलेल्या घट्ट्यावरून बोट फिरवलं, मग स्वतःच्या अंगठ्यावरून तसंच फिरवलं. "जेवून घ्या," म्हणाले आणि उठले. जेवण अर्ध्यावर टाकून ते पुन्हा खिडकीपाशी जाऊन बसले.

त्याला अपराध्यासारखं झालं. या वयात म्हाताऱ्याला मालकांपुढे तोंडघशी पाडायचं, तेही नुसतं दमलो म्हणून? ताटं उचलून झाल्यावर त्याने कात्री पुन्हा टॉवेलात बांधली आणि कामाच्या पिशवीत टाकली. बायको बघत होती.

"परत नेणार?"

"बघू. अजून थोडे दिवस ओढतो."

तिने ओला हात पदराला पुसला आणि त्याच्या पाठीवर ठेवला.

सकाळी त्याला जाग आली ती ठोकाठोकीने. भिंतीपलीकडचे शेजारी ओरडत होते. तो धावत बाहेर आला, तर बाबा स्टुलावर चढलेले, एका हातात हातोडी, दुसऱ्या हाताने भिंत चाचपत. खाली फरशीवर चुना आणि दोन वाकडे खिळे पडले होते. कोपऱ्यात त्याची पिशवी उघडी होती.

"बाबा, पडाल! हे काय चाललंय?"

"कात्री पिशवीत ठेवू नये. टोक मोडतं."

आणखी दोन घाव घालून त्यांनी तिसरा खिळा हलवून पाहिला. तो पक्का बसला होता. मग खांद्यावरच्या टॉवेलातून कात्री काढून त्यांनी ती खिळ्याला अडकवली आणि तिचं हलणं थांबेपर्यंत पात्यांवर हात ठेवला.

"मीही आणली होती एकदा घरी," ते भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले. "तू दुसरीत होतास. सगळं घर फिरलो, ठेवायला जागाच दिसेना. सकाळी परत नेली."

बायको दारात थबकली होती.

"आज मालकांना सांगून येतो," तो म्हणाला.

"ये सांगून. पण आधी हे स्टूल धर. चढताना चढलो, आता उतरता येईना."