खुर्चीचा सौदा

सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हे त्याचं काम. एक साधं बटणही दहा वेळा दाबल्याशिवाय तो 'चालतं' म्हणायचा नाही. बायकोने चहात साखर घातलीय म्हटलं, तरी आधी घोट घेऊन बघणार. असा हा संशयी प्राणी. पण नोकरी लावून देणाऱ्या मॅडम फोनवर "दादा" म्हणाल्या आणि स्वारी विरघळली!

"दीडपट पगाराची जागा आहे, दादा. फक्त तुमच्या साहेबांचं नाव आणि नंबर द्या, नोंदीपुरता."

"त्यांना कळणार नाही ना?"

"बहिणीवर एवढाही विश्वास नाही?"

त्याने नंबर दिला. राजीनामा कधी द्यायचा विचार आहे, तेही सांगून टाकलं.

सोमवारी साहेबांनी आत बोलावलं. "सोडून चाललात म्हणे! मग ताटकळता कशाला? आजच मोकळे व्हा." त्याच्या खुर्चीवर नवा माणूस आधीच बसला होता. दारावरच्या रखवालदाराने सगळ्यांदेखत त्याच्या सामानाचं खोकं उपसून तपासलं. मॅडम फोन उचलेनात.

घरी मोठी वहिनी आली होती. तिने नोकऱ्या लावून देण्याच्या अशाच धंद्यात बरीच वर्षं काढलेली. तिने सांत्वन वगैरे केलं नाही.

"ती जागा नव्हतीच, भाऊजी. तुम्ही निघणार हे कळलं की तुमच्या साहेबाला स्वस्तातला माणूस विकता येतो."

"पण किती गोड बोलायच्या!"

"बोलणारच. त्यांना पैसे कंपनी देते. ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी! तुम्ही गिऱ्हाईक नव्हे, माल. चांगलेही असतात यात, पण चांगला माणूस मुलाखतीआधी साहेबाचा नंबर मागत नाही. अहो, बटणं तपासता, बाईला तपासायला काय झालं होतं?"

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढे कित्येक महिने बायकोच्या एकटीच्या पगारावर घर चाललं. मग एके दिवशी तोच गोड आवाज आला. "दादा, अगदी तुमच्यासारख्यासाठीच जागा आहे!" कंपनी त्याचीच, खुर्चीही त्याचीच, पगार पहिल्यापेक्षा कमी. बाईला तो आठवतसुद्धा नव्हता!

"आणि तिथे आत्ता बसलाय तो?"

"तो जायचं म्हणतोय. त्याला इतक्यात कशाला सांगायचं?"

समोर बायको आशेने बघत होती. नुसतं 'हो' म्हटलं की खुर्ची परत मिळत होती. त्याच्या तोंडाला पाणी सुटलं, खोटं कशाला बोला! पण ते उपसलेलं खोकं डोळ्यांपुढे आलं. "नको," म्हणून त्याने फोन ठेवला आणि जुन्या ऑफिसला लावून त्या खुर्चीवरच्या माणसाला फोनवर बोलावलं.

"मॅडमनी तुमची जागा विकायला काढलीय. सावध व्हा."

पलीकडचा खो खो हसला. "कुणाला माझं चांगलं बघवत नाही हो! अहो, त्या मला दादा म्हणतात!"

महिनाभरात त्या खुर्चीवर तिसराच बसला.

वाचकहो, नोकरी देतो म्हणणाऱ्याला आधी विचारा: तू कुणाचा माणूस? आणि आपल्याआधी पोळलेला कुणी सावध करायला आला, तर त्याला निदान हसू तरी नका!