डोळे तेवढे वाचव

मी हातोडी बोलतेय. दचकू नका, सध्या मी कुणाला लागण्यासारखी नाही. माझ्या दांड्याला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली आहे, गाठीवर लाखेचा शिक्का आहे. पोलीस चौकीच्या मागच्या खोलीत, चोरीच्या सायकली आणि एका फुटक्या टीव्हीच्या शेजारी मी फळीवर पडून आहे. इथे मला मुद्देमाल म्हणतात.

जन्माने मी गुन्हेगार नव्हते. भट्टीत लाल झाले, पाण्यात चर्रकन विझले आणि हातोडी झाले. माझं एक तोंड सपाट आहे, दुसरं किंचित फुगीर. खिळे ठोकणाऱ्या माझ्या धटिंगण बहिणींची जात वेगळी. मी पातळ पत्र्यासाठी. गाडीला पोचा पडला की आतल्या बाजूने मला हळूहळू वाजवायचं, बाहेरून लोखंडी ठोकळा धरायचा आणि पोचा वर आणायचा. पण तीच जागा पुन्हा पुन्हा ठोकली की पत्रा ताणतो, पातळ होतो. मग तो दिसतो सरळ, पण बोटानेही दबतो. हे एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

माझा पहिला धनी गाड्यांचे पोचे काढणारा उस्ताद होता. गॅरेजात त्याचा हात मोरपीस. गिऱ्हाईक गाडीवर हात फिरवून विचारायचं, "पोचा होता कुठे?"

गॅरेजच्या मागेच दोन खोल्यांचं घर होतं. संध्याकाळी तोच हात मला घेऊन घरात यायचा आणि माझा दांडा बायकोच्या पाठीवर बसायचा. लोखंडाने नाही, लाकडाने मारतो, एवढी त्याची माया. शेजारीपाजारी आवाज ऐकायचे आणि रेडिओ मोठा करायचे. त्याची बहीण, म्हणजे पोरांची आत्या, वहिनीला समजवायची, "नवऱ्यानं मारलं आणि पावसानं झोडपलं, तर तक्रार कुणाकडे करायची?" वयाने मोठ्या माणसांकडे अशी वाक्यं तयारच असतात. ती बोलली की त्यांना उठून मधे पडावं लागत नाही.

उस्तादाची धाकटी मुलगी, घरात तिला बारकी म्हणत. बाप झोपला की ती फडकं गरम करून आईची पाठ शेकायची. सकाळी आई सरळ उभी राहायची आणि स्वयंपाकाला लागायची. संध्याकाळी मार खायला पुन्हा तयार.

उस्ताद गेला. मोठ्या मुलाला, दादाला, माझं वजन पेललं नाही. तो गल्ल्यावर बसला. बारकीने मला उचललं. गिऱ्हाइकं कुजबुजायची, "बाई ठोकणार?" बारकी मान वर न करता म्हणायची, "गाडी ठोकून तुम्ही आणलीत. मी काढणार आहे." थोड्याच काळात लोक तिच्याच नावाने गाड्या आणू लागले.

मग आई अंथरुणाला खिळली. लग्न करून वेगळं बिऱ्हाड केलेल्या दादाने हात झटकायला एक यंत्रमानव आणून दिला. घरकाम करणारा, स्वस्तातला, रबरी कातडीऐवजी पातळ पत्र्याचं अंग असलेला. पावती दादाच्या नावावर. दादाने त्याचं नाव ठेवलं पत्र्या. आईने पडल्या पडल्या त्याला घर शिकवलं. मीठ कुठे, नळ कसा दाबून बंद करायचा, बारकीला चहात साखर किती. तो ऐकायचा आणि विसरायचा नाही. आई गेली तेव्हा तिचे डोळे त्यानेच मिटले.

आमची ओळख भांडणातून झाली. एकदा बारकी मला ओट्यावर विसरली, आणि या शहाण्याने मला भांड्यांबरोबर घासून रात्रभर पाण्यात ठेवलं. दांडा फुगला, वाळल्यावर आक्रसला, आतली पाचर ढिली झाली. दुसऱ्या दिवशी काम करताना माझं डोकं दांड्यातून सुटलं आणि एका गिऱ्हाइकाच्या कानाजवळून गेलं. गिऱ्हाइकाने तिला आईबहिणीवरून शिव्या घातल्या. गल्ल्यावरून दादा हसला. बारकीने मुकाट्याने नवी पाचर मारली. घरी आली, आणि चपलाही न काढता त्याच्या खांद्यावर मला घातलं. लोखंडाच्या बाजूने.

पत्रा आत गेला. तो पडला नाही, त्याने हातही वर केला नाही. फक्त मान भिंतीकडे वळवली आणि हनुवटी खांद्यात रोवली.

बारकी थिजली. ती मान तिने लहानपणापासून पाहिली होती.

"असं का उभा राहिलास?" तिने विचारलं.

"आईंनी शिकवलंय," तो म्हणाला. "मीठ वरच्या फळीवर. नळ दाबून बंद करायचा. मार बसायला लागला की तोंड भिंतीकडे करायचं, डोळे तेवढे वाचवायचे."

मी तिच्या हातातून निसटून फरशीवर पडले. ती माझ्या शेजारीच बसली. या घरात तिचा बाप गेला नव्हता. तो तिच्या मनगटात येऊन बसला होता.

त्याच वेळी तिने त्याच्या खांद्याची झाकणी उघडली. बाहेरून ठोकळा धरला आणि आतून मला वाजवायला लागली. मी आयुष्यभर गाड्या वाजवल्या, पण इतकं हळू कधी वाजले नव्हते.

"दुखतं का?"

"दुखत नाही. कळतं."

"काय कळतं?"

"कुठे मारलं ते आणि कुठे हात लावला ते. दोन्ही वेगळं कळतं."

खांद्याला लावायला त्याच्या रंगाचा डबा गॅरेजात नव्हता. उरलेला लाल रंग मारला. "आता तू अपघातातली गाडी दिसतोस," ती म्हणाली. "तुम्ही चालवल्यावर अजून काय होणार," तो म्हणाला. आईने त्याला टोमणेही शिकवले होते वाटतं.

तिने पुन्हा त्याच्यावर हात उचलला नाही. दिवसभर ठोकून तिचं मनगट सुजायचं. तो आपला तळवा आतून तापवायचा आणि तिचं मनगट त्यात धरून बसायचा. ती गिऱ्हाइकांच्या नकला करायची, तो त्यातल्या चुका काढायचा. एकदा ती म्हणाली, "मला तू म्हण की." मग स्वतःच म्हणाली, "नको. मला तुम्ही म्हणणारं कुणी आजवर भेटलं नव्हतं. राहू दे." माणसं याला काय म्हणतात ते मला कळतं. मी ऐरणीवर वाढले असले तरी ठार बहिरी नाही.

एका दुपारी दादा आणि आत्या स्थळ घेऊन आले. दार उघडंच होतं. बारकी त्याच्या लाल खांद्यावर डोकं टेकून, मनगट त्याच्या हातात देऊन, खळखळून हसत होती. दादाने बहिणीला असं हसताना कधी पाहिलं नसावं. त्याने आधी तिच्या कानफटात मारली.

दुसरी थप्पड तिच्यापर्यंत पोचली नाही. पत्र्या मधे उभा राहिला होता. माणसावर हात उचलायची त्याच्या घडणीतच सोय नव्हती, पण मधे उभं राहायला कुणाची ना नव्हती. दादाने लोखंडी स्टूल उचललं आणि दमेपर्यंत त्याच्या पाठीवर घातलं. त्याने तोंड भिंतीकडे केलं होतं.

जाताना आत्या बारकीच्या कानाशी म्हणाली, "बघ, यंत्रच आहे ते. त्याला मारलं की तुझी पाठ वाचते. देवाचे आभार मान."

"आत्या, तुमच्या पाठीला कोण होतं?" बारकीने विचारलं. आत्याने पदर सारखा केला आणि चालू लागली.

मग दादाला सवयच लागली. गिऱ्हाईक तुटलं की ये, बायकोशी वाजलं की ये. कधी स्टूल, कधी पाना, एकदा सायकलची साखळी. तो गेला की बारकी मला उचलायची आणि पाठ सरळ करायची. प्रत्येक खेपेला माझा आवाज बदलत गेला. आधी टण यायचा, मग टप, मग ओल्या पुठ्ठ्यावर पडल्यासारखा. पत्रा ताणला होता. तिला हे माझ्याआधी कळलं होतं, तरी ती ठोकत होती.

"ही पाठ अजून किती मार खाईल?" एकदा त्याने विचारलं.

"फार नाही."

"मग सरळ करू नका."

"वेडा आहेस? वाकडाच राहणार?"

"तुम्ही सरळ करता, मग ते पुन्हा येतात. आईंची पाठ कोण सरळ करायचं?"

बारकीचा हात थांबला. फडकं, गरम पाणी, आईची निळी पाठ. आपण माया करतोय असं तिला तेव्हा वाटलं होतं. तिने मला खाली ठेवलं आणि पोचा तसाच सोडला.

पुढच्या खेपेला दादा भंगारवाल्याला घेऊनच आला. गॅरेजात भर दुपारी. "वस्तू माझी आहे, पावती माझी आहे," तो म्हणाला. भंगारवाला म्हणाला, "अख्खा नेता येणार नाही साहेब, गाडी लहान आहे. तोडून द्या." दादाने इकडेतिकडे पाहिलं आणि मला उचललं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने मला पेललं.

पत्र्याने मान भिंतीकडे वळवली.

"वळू नकोस," बारकी ओरडली. "डोळे वाचवू नकोस. बघ त्याच्याकडे."

त्याने मान फिरवली आणि दादाच्या डोळ्यांत पाहिलं. दादाचा हात हवेतच अडला. पाठ फोडायची सवय होती, तोंडासमोर जमेना. भंगारवाला दोन पावलं मागे सरकला. "बघतोस काय," दादा किंचाळला, आणि मी त्या चेहऱ्यात घुसले. उजवा डोळा काचेच्या चुऱ्यासकट माझ्या तोंडाला चिकटून आला. दुसऱ्या घावात जबडा लोंबला. डावा डोळा तरीही दादाकडे बघतच होता.

तिसरा घाव बसला नाही. बारकीने भावाचं मनगट पिरगाळलं. रोज पत्रा वळवणारे हात ते, गल्ल्यावरचं मनगट मेणासारखं वळलं. मला हिसकावून तिने त्याचा पंजा ऐरणीवर दाबला आणि मला घातलं.

जन्मभर मला पत्रा कळला. हाड त्या दिवशी कळलं. पत्रा दबतो, हाड तडकतं, आणि त्याचा आवाज किंकाळीच्या आधी येतो.

दादा गुडघ्यांवर आला. तिने मला पुन्हा वर नेलं. या वेळी रोख डोक्यावर होता. मला माझं वजन कधी एवढं वाटलं नव्हतं.

तेवढ्यात एक गरम तळवा तिच्या मनगटावर आला. रोजच्यासारखाच, हलका.

"एक तुमचा होता," लोंबत्या जबड्यातून तो म्हणाला. "दुसरा वडिलांचा होईल."

तिने मला ऐरणीवर आडवं ठेवलं आणि तोंडाने श्वास घेत खाली बसली. तिने स्वतःच चौकीला फोन लावला.

बाकी तुमच्या कायद्याने झालं. दादा फिर्यादी, बारकी आरोपी, मी हत्यार. पत्र्याचा चेहरा कुणी फोडला, हे कुणी विचारलंच नाही. मालकाने आपली वस्तू फोडली, त्यात गुन्हा कसला? तोही माझ्यासारखाच मुद्देमाल होऊन या खोलीत आला, सायकलींना टेकून उभा राहिला. खटला निकाली निघेपर्यंत वस्तू इथे, मग मालकाच्या ताब्यात. म्हणजे दादाच्या, म्हणजे भंगारात. बारकी जामिनावर सुटून दारापर्यंत यायची आणि हवालदार तिला परत पाठवायचा, "बाई, तुमचं काय नातं?" तिच्याकडे त्याला सांगण्याजोगा शब्द नव्हता.

शेवटी आत्याच्या मध्यस्थीने तोड निघाली. बारकीने गॅरेजातला हिस्सा सोडायचा, दादाने फिर्याद मागे घ्यायची आणि पत्र्या तिच्या नावावर करायचा. "एका डब्यासाठी बापाचं गॅरेज सोडलंस," आत्या म्हणाली. "बापाचं होतं म्हणूनच सोडलं," बारकी म्हणाली.

आज सकाळी ती त्याला न्यायला आली. एक डोळा नाही, जबडा तारेने बांधलेला, पाठ चेपलेली. दादाचा हात अजून प्लास्टरात, गळ्यात अडकवलेला आहे. त्या हाताची मूठ आता वळणार नाही म्हणतात.

हवालदार मला पुढे करत म्हणाला, "ही पण तुमचीच ना? सही करा आणि न्या. याचे पोचे काढायला लागेल."

तिने मला हातात घेतलं. तिच्या तळव्याचा खळगा माझ्या दांड्यावर आहे, पण त्याच्याखाली एक जुना, मोठा खळगाही आहे. तिचा अंगठा त्या मोठ्या खळग्यावर थांबला.

"नको," ती म्हणाली. "ही त्या घरातली आहे. हातोडी नवी घेईन, हात माझाच आहे."

"आणि पोचे?"

"ते राहू देत. ज्याला बघवत नाही त्याने बघू नये."

मला लागलं, खोटं कशाला बोलू. पण तिचं खरं होतं. ती दोघं दारातून निघाली तेव्हा चौकीतली माणसं वळून वळून बघत होती. त्याने तोंड भिंतीकडे केलं नाही.

तुम्हाला एवढंच सांगते. माझा लिलाव झाला तर मला घरात नेऊ नका, गॅरेजातच ठेवा. आणि तुमच्या घरात कुणी मोठं माणूस पोरीला डोळे वाचवायला शिकवत असेल, तर तिला आधी दार कुठे आहे ते दाखवा. पाठ शेकत बसू नका.