वरून दुसरी चौकट

"तुमची एक शिफारस जरा कोमट आहे," फोनवरची बाई म्हणाली, आणि व्हर्लीन टॉलिव्हरच्या हातातली बादली कलंडली.

जॉर्जिया राज्याच्या पशुवैद्यक कॉलेजने तिला लागोपाठ दुसऱ्या वर्षी नाकारलं होतं. मुलाखतीलासुद्धा बोलावलं नव्हतं. नाकारलेल्यांना मे महिन्यात फोनवर वीस मिनिटं मिळतात. कुठे कमी पडलात ते सांगतात. जॉर्जियातल्या मुलांना सहांमागे एक जागा, बाहेरच्यांना तिसांमागे एक, हे आकडे व्हर्लीनला शास्त्रातल्या वचनांसारखे पाठ होते. त्या सहांतली एक आपण का नाही, एवढंच तिला विचारायचं होतं.

"गुण कमी पडले का?"

"नाही."

"कामाचे तास?"

"तुमच्याइतके तास यंदा कुणाचेच नव्हते. पण शिफारशीच्या कागदावर पाच चौकटी असतात. 'मी आजवर पाहिलेल्यांत सर्वोत्तम' ही सगळ्यात वरची. तुम्हाला अकरा वर्षं ओळखणाऱ्या एकाने वरून दुसरीत खूण केलीय. खाली एकच ओळ आहे, 'कामाला चांगली आहे.' नाव मला सांगता येत नाही."

"दुसरी म्हणजे वाईट?"

"वाईट नाही हो. पण आमच्याकडे येतात ते सगळे वरच्याच चौकटीतले असतात."

नाव सांगायची गरजच नव्हती. अकरा वर्षं ओळखणारा माणूस एकच. डॉक्टर लूशस गेदर, वय अठ्ठ्याहत्तर, अख्ख्या तालुक्याच्या गाईगुरांचे डॉक्टर, चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारे. पंधराव्या वर्षी व्हर्लीन त्यांच्या ट्रकच्या मागच्या हौद्यात चढली होती. पुढे त्यांच्या शेजारी त्यांची बायको, जिला सगळे आदराने मिस लिओटा म्हणत, मांडीवर वही घेऊन बसायची. तीन वर्षांपूर्वी मिस लिओटा देवाघरी गेली आणि ती जागा व्हर्लीनला मिळाली.

गेल्या दोन्ही वर्षी तिने आपल्या हाताने तो कागद त्यांच्यापुढे ठेवला होता. वर पेलाभर गोड चहाही करून दिला होता!

ती पोचली तेव्हा डॉक एका शेतावर गाई तपासत होते. लोखंडी खोड्यात गाय उभी, आणि डॉकचा हात खांद्यापर्यंत तिच्या आत.

"गाभण. पाच महिने. लिही," मान न वळवता ते म्हणाले.

"नाही लिहीत."

"मग पाठ कर. पुढची सोड."

"मी दुसऱ्या चौकटीतली काय, डॉक?"

डॉकनी हात बाहेर काढला, हातमोजा सोलला, बादलीत हात धुतले. त्यांना घाई कधीच नसे, आणि आज त्याच गोष्टीने व्हर्लीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"त्यांनी विचारलं, तू पाहिलेल्या सगळ्यांत ही कुठे बसते. मी पन्नास वर्षांत पाहिलेली सगळी माणसं आठवली. दोन रात्री विचार केला. मग खूण केली."

"दोन रात्री! अहो, लोक दोन मिनिटांत पहिल्या चौकटीत खूण करतात आणि जेवायला बसतात."

"लोकांचं लोक बघतील. खाली लिहिलं होतं, हे सर्व खरं आहे. त्याखाली माझी सही आहे. देवाने विचारलं तर काय सांगू? पोरीने चहा चांगला केला होता?"

"सगळेच खोटं लिहितात तिथे तुमचं खरंच खोटं ठरतं, डॉक! दुसरी चौकट म्हणजे त्यांच्या भाषेत 'हिला घेऊ नका'!"

"माझ्या वेळी माझ्या पत्रात 'बरा आहे' एवढंच होतं. त्या दोन शब्दांवर मी आत गेलो."

"तुमच्या वेळी तुमच्या गावात रस्ता तरी होता का?"

गाईचा मालक गालातल्या गालात हसला आणि डॉकनी बघताच घाईने आभाळाकडे पाहू लागला.

"वरच्या चौकटीत बसेल असं कोणी पाहिलंय तरी का तुम्ही?"

"एकच माणूस."

"कोण?"

"ते तुला कशाला हवंय? पुढची गाय सोड."

व्हर्लीनने वही खोड्यावर आपटली. पण गाय सोडली. गाईचा काय दोष?

त्या रविवारी ती चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसली, डॉकची पाठ दिसेल अशी. पाळकबुवांनी याकोबाची गोष्ट धरली होती. आधी साध्या बोलण्यात, मग आवाज चढत चढत सुरात. ऑर्गनवाला एकेका वाक्याला मागून उचलत होता. रात्रभर याकोब देवदूताशी कुस्ती खेळला, जांघ निखळली, तरी पकड सुटली नाही. "तो काय म्हणाला?" पाळकबुवांनी गाऊन विचारलं. "सोडणार नाही!" बायका उठून उभ्या राहिल्या. "काय म्हणाला?" "आशीर्वाद दिल्याशिवाय सोडणार नाही!" देवाच्या नावाचा असा गजर झाला की काळजातली जळमटं निघून जावीत. सगळ्यांचे डोळे वाहत होते. व्हर्लीनचेही वाहत होते, पण मुठी आवळलेल्या होत्या. पहिल्या बाकावर डॉकची पाठ ताठ होती. नाहीच सोडणार, ती त्या पाठीला उद्देशून मनात म्हणाली.

उन्हाळाभर बोलणं बंद, काम चालू. दोघं गाईच्या मार्फत बोलत. "या बाईला सांग, दोरी आण," डॉक गाईला म्हणत. "या म्हाताऱ्याला सांग, दोरी तुझ्याच पायाशी आहे," व्हर्लीन गाईला म्हणे.

सप्टेंबरात तिने तिसऱ्यांदा अर्ज भरला. डॉकचं नाव काढलं. शहरात कुत्र्यामांजरांचे एक डॉक्टर होते. त्यांच्याकडे ती तीन महिने शनिवारी जात होती. त्यांना तिचं आडनाव विचारावं लागलं. मग मान वर न करता त्यांनी सगळ्यात वरच्या चौकटीत खूण केली.

आणि मुलाखतीचं बोलावणं आलं. देव बघत होता, पण कॉलेज फसलं.

जानेवारीत एका लांब बोळात सात बंद दारांसमोर सात उमेदवार उभे होते. प्रत्येक दारावर एक कागद. तो वाचायला दोन मिनिटं. घंटा झाली की आत, सहा मिनिटं बोलायचं. घंटा झाली की बाहेर, पुढचं दार. शेजारची मुलगी ओठांतल्या ओठांत घोकत होती. "माझा दोष म्हणजे मी फार मेहनत करते," असं काहीतरी.

पाच दारं नीट गेली. सहाव्या दारावर लिहिलं होतं, 'तुमच्या गुरूने तुमच्यावर टीका केल्याचा एक प्रसंग सांगा.'

व्हर्लीनकडे साखरेत घोळलेलं उत्तर तयार होतं. ती आत गेली. टेबलामागे पांढऱ्या केसांची एक बाई बसली होती. हातावर गुरं हाताळणाऱ्यांचे असतात तसे जुने व्रण. ते व्रण पाहिले आणि साखर विरघळली.

"माझ्या गुरूने मला वरून दुसऱ्या चौकटीत टाकलं," ती म्हणाली. "म्हणून तुम्ही मला दोनदा मुलाखतीलाही बोलावलं नाहीत. यंदा मी त्यांचं नाव काढलं. ज्याने माझं आडनाव विचारलं त्याने मला सर्वोत्तम म्हटलं, आणि बघा, मी इथे बसलेय. अकरा वर्षं ज्यांच्याबरोबर मी चिखलात लोळले त्यांच्या खऱ्या शब्दाला तुमच्याकडे किंमत शून्य. तुम्ही मोजता तरी काय?"

बाई लिहायची थांबली. "गुरूचं चुकलं असं वाटतं?"

"चुकलंच!"

"तुम्ही स्वतःला कोणत्या चौकटीत टाकाल? त्यांनी पाहिलेली माणसं डोळ्यांपुढे आणून सांगा."

पहिल्या, असं म्हणायला तिने तोंड उघडलं. आणि तिला मिस लिओटाचे हात आठवले. लहानखुरे, कोपरापर्यंत साबण लावलेले, आडवं आलेलं वासरू आतल्या आत फिरवणारे. डॉक घामाघूम होऊन बाजूला होत आणि मिस लिओटा डोळे मिटून, भजन गुणगुणत, दहा मिनिटांत वासराला सरळ करी.

"दुसऱ्या," व्हर्लीन म्हणाली. तिला स्वतःचाच राग आला. "पण दुसऱ्या चौकटीतली असूनही या बोळातल्या कुणाहीपेक्षा मी जास्त वासरं..."

घंटा झाली.

फेब्रुवारीत उत्तर आलं. प्रतीक्षा यादी, चौथा क्रमांक. ज्यांना अनेक कॉलेजांत जागा मिळतात त्यांना पंधरा एप्रिलपर्यंत एक ठेवून बाकीच्या सोडाव्या लागतात. मगच यादी हलते.

पंधरा एप्रिलला व्हर्लीनचा उजवा हात एका कालवडीच्या आत होता. वासराचा पुढचा पाय मागे दुमडलेला. दुमडलेलं खूर मुठीत झाकून, आतली पिशवी न फाडता, हळूहळू पुढे आणायचं होतं. खिशातला फोन वाजला.

"डॉक, खिशातून काढा आणि कानाला लावा."

"आधी पाय."

"डॉक!"

डॉकनी फोन तिच्या कानाला लावला. चार जागा मोकळ्या झाल्या होत्या, चौथी तिची. उद्या पाचपर्यंत कळवा, पलीकडची बाई म्हणाली.

"हो! येते! आत्ताच लिहून घ्या!" व्हर्लीन ओरडली. कालवडीने लाथ झाडली.

"खूर झाक!" डॉक तिच्याहून मोठ्याने ओरडले. "कॉलेज पळून नाही जात, पिशवी फाटेल!"

पाय आला, डोकं आलं, वासरू गवतावर घसरलं आणि शिंकलं. दोघं खाली बसली. व्हर्लीन म्हणाली, "आता सांगा. कोणती चौकट?"

"दुसरी."

"अजून?"

"अजून. त्यांनी जागा दिल्याने तुझे हात बदलले काय?"

तिला हसू आलं आणि म्हाताऱ्याला बादलीत बुचकळावंसंही वाटलं. "वरची चौकट मिस लिओटाची. हो ना?"

डॉक उठले. ट्रकचा पुढचा खण उघडून त्यांनी मेणकागदात गुंडाळलेलं एक पत्र आणून तिच्या हातात दिलं. साबणाचा हात पुसून तिने ते उलगडलं. एकोणीसशे अडुसष्ट साल, तेच कॉलेज, मिस लिओटाच्या नावाने. मुलाखतीनंतर समितीचं असं मत झालं आहे की स्त्री, विवाहित आणि आपल्या वर्णाच्या उमेदवारावर जागा खर्ची घालणं योग्य ठरणार नाही. आपल्या पतींच्या कामात आपण मदतनीस म्हणून उपयोगी पडाल, अशी सदिच्छा.

"मला त्याआधी आपल्या काळ्या लोकांच्या कॉलेजने घेतलं होतं," डॉक म्हणाले. "तिला तेवढ्या लांब जाता येईना, आई अंथरुणाला खिळलेली. ती चाळीस वर्षं माझी मदतनीस होती. त्यांच्या कागदावर पहिली चौकट आली तेव्हा मी काय करू, पोरी? तिच्या जागी तुला बसवू? त्यांनी तिला दारातून हाकललं, मी चौकटीतूनही हाकलू?"

वर्षभर ज्या पाठीवर राग धरला होता ती पाठ आता वाकली होती, आणि राग मात्र तसाच होता, नुसता वळला होता. मदतनीस म्हणून उपयोगी पडाल. सदिच्छा!

तिने पत्र पुन्हा मेणकागदात गुंडाळलं आणि आपल्या खिशात ठेवलं.

"कुठे नेतेस ते?"

"कॉलेजात. पहिल्या दिवशी प्रत्येकाला उभं राहून सांगावं लागतं, आपण इथे कुणामुळे आलो."

"म्हणजे वाचून दाखवणार?"

"सालासकट," व्हर्लीन म्हणाली, आणि वासराला पुसायला गवताची मूठ उपटली.