सातव्या पानावरचा कोरा चेहरा

मित्रांनो, मी कागदावरचा एक जुना वीर आहे. माझे नाव सार्जंट टॅमरॅक. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत, कॅनडातल्या दहा सेंटच्या एका चित्रकथेत माझा जन्म झाला. शेजारच्या देशातून येणारी रंगीत पुस्तके तेव्हा बंद झाली होती. आम्ही छापले गेलो ते नुसते काळे-पांढरे. रंग मुलांनीच भरायचे.

मला घेतले एल्स्पेथने. फ्रेझर नदीकाठी, मासे डब्यात भरण्याच्या कारखान्याजवळ ती राहायची. शेजारी इसामू; जन्म इथलाच, पण आईवडील जपानहून आलेले. पुस्तक तिचे, मेणखडूंची पेटी त्याची. दोघे धक्क्यावर पालथे पडून मला रंगवीत.

"निळा कोट? अरे, हा काय पोस्टमन आहे?"

"बरं बाई, लाल घे. पण अख्खा खडू संपवू नकोस!"

मग सातवे पान आले. तिथे मी एका जपानी हेराला ठोसा लगावतो. चित्रकाराने त्याला माणसाचा चेहरा दिलाच नव्हता. पुढे आलेले दात, डोळ्यांच्या जागी फटी, असे नुसते सोंग काढले होते. आणि मी छाती फुगवून उभा!

"याला पिवळा," एल्स्पेथ म्हणाली. "जपानी पिवळेच असतात."

इसामूने आपला हात त्या चेहऱ्याशेजारी ठेवला. "बघ बरं नीट. मलाही सगळे जपानीच म्हणतात."

ती चिडली. "मला काय विचारतोस? पुस्तकात तसंच आहे!"

पुस्तकात, म्हणजे माझ्यात. मूठ खाली घ्यावी असे मला फार वाटले. पण छापलेली मूठ खाली येत नाही.

पुढच्याच आठवड्यात सरकारी हुकूम आला. जपानशी युद्ध चालू होते, म्हणून जपानी घरांतल्या सगळ्यांनी किनारा सोडायचा, उचलवेल तेवढेच सामान न्यायचे. निघताना इसामूने एल्स्पेथचे दार वाजवले. ती दाराआडच उभी होती, मला छातीशी धरून. तिचा हात कडीपर्यंत गेला आणि लाजेने तिथेच थांबला.

"एल्स्पेथ, आहेस का गं? पेटी पायरीवर ठेवलीय. लाल जपून वापर."

पावले दूर गेली. तो पुन्हा कधी दिसला नाही.

आता एल्स्पेथ म्हातारी झाली आहे. नातवंडे मला चाळतात, माझ्या लाल कोटाचे कौतुक करतात. मग सातव्या पानाशी थांबतात.

"आजी, हा एकच रंगवायचा राहिला?"

"राहिला नाही रे. हात धजला नाही."

पेटीतला पिवळा खडू अजून तसाच आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या वीराला टाळ्या वाजवण्याआधी, त्याच्या मुठीसमोर कोणाला उभे केले आहे ते नीट पाहा. आणि दुखावलेला मित्र दार वाजवत असेल, तर कितीही लाज वाटो, कडी काढा.