भिंतीवरून उतरलेली परात

"सरळ बस गं बाई! कलंडलीस तर रस्सा पाहुण्याच्या मांडीवर!"

मित्रांनो, माझ्या कानावर पडलेला हा पहिला आवाज. अरबी मुलखातल्या करक गावच्या बाजारातल्या एका म्हाताऱ्या तांबटाचा. शेवटचा ठोका घालून त्यानं मला फरशीवर ठेवलं, बोटानं ढकलून पाहिलं, आणि मी डगमगले नाही तसा स्वतःशीच हसला. तेव्हापासून मी मन्सफची, म्हणजे भात-मटणाच्या मेजवानीची, परात आहे. कवेत मावत नाही एवढी रुंद, पोटाला चांदीसारखी कल्हई.

दैफल्लाच्या खाणावळीत मी वीस वर्षं राबले. राबले कसली, नांदले! तळाशी पातळ पोळ्या, त्यांवर भाताचा डोंगर, डोंगरावर मटण, वर बदाम, आणि जमिदाचा वाफाळता आंबट रस्सा. माणसं माझ्याभोवती उभी राहायची, डावा हात पाठीशी ठेवून उजव्या हातानं घास वळायची. प्रत्येकानं आपल्यापुढचंच खायचं, पण चांगला तुकडा मात्र शेजाऱ्याकडे सरकवायचा. भातात पडलेल्या खळग्यांवरून मी माणसं ओळखत असे. हावरटाचा खळगा खोल, लाजऱ्याचा चिमणीच्या घरट्याएवढा.

जमीद वत्फाबाईचा. मेंढीच्या दुधाचं ताक आटवून, मीठ घालून ती गोळे वळायची आणि उन्हात दगडासारखे वाळवायची. पोतं खांद्यावरून उतरवताना गुणगुणायची:

मेंढीच्या गं दुधा, उन्हानं केला दगड,
पाहुणा आला दारी, दगडा डोळे उघड.

तो दगड रात्रभर पाण्यात भिजला की खरंच डोळे उघडायचा.

एका शुक्रवारी न सांगता बसभर माणसं उतरली. भिजवलेला जमीद संपला. दैफल्लानं घाईघाईत दुकानातलं दही पातेल्यात ओतलं आणि ते फाटलं. कुणीतरी ओरडलं, "हा रस्सा आहे की चुना?"

मी तेव्हा दैफल्लाच्याच हातात होते. तो चटकन बोलून गेला, "काय करणार, वत्फाबाईचा जमीद यंदा बिघडला!"

ही बातमी संध्याकाळच्या आत बाजारभर झाली. त्या वसंतात तिचा एकही गोळा विकला गेला नाही. निम्म्या मेंढ्या विकाव्या लागल्या. ती भांडायला आली नाही. यायचीच थांबली.

त्याच वर्षी गिऱ्हाइकं वेगवेगळ्या ताटल्या मागू लागली आणि मी भिंतीवर गेले. कोळ्यानं माझ्यावर घर केलं, कल्हई उडाली, पोटाला हिरवे डाग पडले. आठ वसंत असेच गेले.

मग वत्फाबाईचा निरोप आला. तिची नात जूद बारावीला जिल्ह्यात दुसरी आली होती. "शुक्रवारी दुपारी चौदा माणसं. जमीद माझा. आणि जेवण त्या भिंतीवरच्या परातीत, तुझ्या ताटल्यांत नाही!"

दैफल्लानं स्वतः मला उतरवलं आणि कल्हईसाठी तांबटाच्या दुकानात नेलं. तांबटाच्या लेकीनं कपाळावर हात मारला आणि आमच्याकडच्या रीतीप्रमाणे दैफल्लाला थोरल्या लेकाच्या नावानं हाक मारली. "शाहेरच्या बापा, एवढ्या चांगल्या भांड्याला फाशी दिलीत?"

मित्रांनो, कल्हई उडालेल्या तांब्यात आंबट ठेवलं की ते कळकतं. म्हणून भांड्याला वेळेवर कल्हई करा. आणि मनात राहून गेलेली गोष्टही तशीच कळकते, हे मला त्या शुक्रवारी कळलं.

शुक्रवारी मी पुन्हा भरले! बदाम चमकत होते, पोरं टाळ्या पिटत होती, जूदच्या गळ्यात फुलांची माळ होती. रीतीप्रमाणे आधी कॉफी आली. वत्फाबाईनं पेला घेतला आणि न पिता समोर ठेवला.

हसणं थांबलं. पाहुण्यानं पेला ठेवला की त्याचं काहीतरी मागणं असतं. ते पुरं होईपर्यंत कुणी घास उचलत नाही.

जूद कुजबुजली, "आजी, हे तर मुलगी मागायला येतात तेव्हा करतात!"

"मग मीही मागायलाच आलेय."

"आणि तेही पुरुष करतात!"

"पुरुष आठ वर्षं गप्प बसलेत, म्हणून मी करतेय."

दैफल्ला पुढे आला आणि वत्फाबाईला म्हणाला, "फलाहच्या आई, कॉफी प्या. जे मागाल ते दिलं."

"दिलंस? मग सांग. त्या दिवशी माझ्या जमिदाला काय झालं होतं?"

माझ्यावरची वाफ सरळ वर जात होती. दैफल्लानं दोन्ही हात माझ्या काठावर टेकले. त्याचा सगळा भार माझ्यावर आला. पण मी डगमगले नाही. स्वयंपाकघरातलेही दाराशी आले होते. त्यानं मान वर केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला,

"काही झालं नव्हतं. भिजवलेला संपला, म्हणून मी दुकानातलं दही ओतलं. जमीद चांगला होता, फलाहच्या आई. बिघडलो होतो तो मी."