ज्याचं नाव कळेल ते ठेव

सिकंदरभाईंना एक खोड होती. ईदेच्या आधी घराला रंग दिला की उरलेला रंग ते वाया जाऊ देत नसत. ब्रश घेऊन दुकानामागच्या शेडमध्ये शिरत आणि न खपलेल्या लोखंडाला फासून मोकळे होत. गंजू नये हा एक हेतू, गिऱ्हाइकाला नवं वाटावं हा दुसरा. बारामतीत इंदापूर रस्त्याला त्यांचं सुट्या भागांचं दुकान होतं आणि लष्कराच्या लिलावात निघालेल्या जुन्या गाड्या, ट्रेलर आणून ते तिथं खोलत. त्यामुळे त्यांच्या माघारी शेडमध्ये जे उरलं ते सगळं आकाशी, पोपटी नाहीतर गुलाबी. त्यातलं काय कशाचं हे ओळखताना खुद्द बनवणाऱ्यालाही घाम फुटला असता.

थोरली लेक समिना आता दुकान बघत होती. धाकट्या शाहिदला शेड रिकामी करून तिथं मोबाइलचं दुकान थाटायचं होतं. दोघांत वाद झाले, अबोला झाला, शेवटी शाहिदनंच तोडगा काढला.

"आपा, ज्याचं नाव तुला कळंल ते ठेव. बाकीचं भंगारात. कबूल?"

"कबूल," समिना म्हणाली. खरं तर तिला रागच आला होता. अब्बांनी जन्मभर जमवलेल्या मालाची अशी तोंडी परीक्षा घ्यायची म्हणजे काय! पण ती इरेला पेटली. रॉकेलचा डबा, चिंध्या आणि पत्र्याची पट्टी घेऊन ती रोज रंग खरवडू लागली. खाली कोरलेला नंबर निघाला की ती जुन्या मेकॅनिकांना फोन करी, फोटो पाठवी, उत्तर येईपर्यंत पिच्छा सोडत नसे. हळूहळू नावं लागत गेली. हा शक्तिमान ट्रकच्या स्टिअरिंगचा दांडा, तो जोंगा जीपचा पंप. रोज ढीग कमी व्हायचा आणि शाहिदचं तोंड उतरायचं.

एकच धूड मात्र हटून बसलं. पुढं जाड कडी, पोटात स्प्रिंग, मागं एक छोटा खटका. कडी आत दाबली की मागचा खटका हले. नंबर कुठंच नव्हता. गुलाबी थर निघाला तेव्हा मागची कड ओबडधोबड दिसली, गॅस कटरनं कापलेली. म्हणजे हे नट काढून खोललेलं नव्हतं, कशापासून तरी तोडलेलं होतं.

"घाल भंगारात," शाहिद म्हणाला.

"थांब. ही कडी ट्रेलर ओढायची वाटती. अब्बांनी विकलेला एक ट्रेलर वरकुट्यात कचरूतात्यांकडं हाय. तितं बघू."

कचरूतात्या म्हणजे एके काळचा उसाच्या ट्रॅक्टरचा नावाजलेला ड्रायव्हर. ते आल्याशिवाय सिकंदरभाई ईदेचा शिरखुर्मा तोंडाला लावत नसत. पण एका हंगामात कालव्याच्या उतारावर उसानं भरलेला हाच ट्रेलर मागून अंगावर आला, ट्रॅक्टर उलटला आणि तात्यांचा पाय कायमचा अधू झाला. गाव म्हणालं, प्यायला असेल. तात्या दारूला शिवत नसत, तरी त्यांनी कुणाशी वाद घातला नाही. "माझाच ब्रेक उशिरा लागला," एवढंच म्हणत, आणि पुन्हा कधी त्यांनी ट्रॅक्टरला हात लावला नाही.

शाहिदनं कुरकुरत का होईना, धूड पिकअपमध्ये टाकलं. वरकुट्यात तात्यांच्या घरामागं बाभळीखाली ट्रेलर उभा होता. समिना सरळ त्याच्याखाली शिरली. चाकांना ब्रेक होते. तिथून एक सळई पुढं आलेली होती, पण ती कशालाच जोडलेली नव्हती. लोंबू नये म्हणून कुणीतरी तारेनं बांधून टाकली होती. पुढच्या टोकाला साधं लोखंड वेल्ड केलेलं आणि त्या वेल्डच्या कडेला कापल्याची जुनी खूण. तिनं शाहिदला धूड तिथं धरायला लावलं. कापाला काप बरोबर बसला.

ती तिथंच मातीत बसली. पुढची गाडी थांबली की ट्रेलर तिला ढकलणार, कडी आत जाणार, खटका सळई ओढणार आणि ट्रेलरची चाकं आपोआप धरली जाणार. लष्करी कडी ट्रॅक्टरच्या हुकाला बसेना, म्हणून अब्बांनी ते जास्तीचं लोखंड समजून कापून टाकलं होतं. वेल्डिंग त्यांच्याच हातचं होतं. तिला ते ओळखायला चष्मा लागत नव्हता.

शाहिदलाही उमगलं. तो खाली वाकून कुजबुजला, "आपा, गप उचल. नाव मिळालं न्हाय म्हणू. भंगारात गेलं की कुणाला कळायचं न्हाय. अब्बा आता उत्तर द्यायला हायत का?"

अब्बांवर समिनाचा जीव होता. त्यांच्या नावाला आपल्याच तोंडानं डाग लावायचं तिच्या जिवावर आलं. पण समोर ओट्यावर बसलेला माणूस इतकी वर्षं तो डाग स्वतःच्या अंगावर घेऊन जगत होता.

"ज्याचं नाव कळंल ते ठेवायचं, तूच म्हणालास," ती म्हणाली आणि उठली.

तात्यांच्या बायकोनं, केसरबाईंनी, चहा पुढं केला. समिनानं कप घेतला नाही. शाहिदनं धूड ओट्यासमोर आणून ठेवलं.

"तात्या, हा तुमच्या ट्रेलरचा ब्रेक हाय. ट्रॅक्टर थांबला की ट्रेलरला थांबवणारा. अब्बांनी न कळून कापला. तुमी कितीबी लवकर ब्रेक दाबला असता तरी मागचं ओझं थांबणार न्हवतं."

तात्या काठी टेकत उतरले, धुडापाशी बसले आणि तळव्यानं कडी दाबली. खटका हलला. त्यांनी पुन्हा दाबली. आता शिव्या ऐकाव्या लागणार म्हणून समिनानं मान खाली घातली.

"म्हंजी मी येळंवर दाबला व्हता," तात्या म्हणाले. मग आवाज चढवून, "केसर, ऐकलंस का? मी येळंवर दाबला व्हता!"

"मी पयल्यापासनं दुसरं काय म्हणत व्हते?" केसरबाई म्हणाल्या आणि पदर डोळ्याला लावून रडू लागल्या.

तात्या काठी टेकून उभे राहिले.

"उचला ह्ये. चावडीवर न्यायचं. समे, तितं समद्यांम्होरं तू सांगायचं, जसं आत्ता सांगितलंस तसं. सिकंदरला कुणी वंगाळ बोललं तर त्याची गाठ माझ्याशी हाय."

समिनानं ओढणी खोचली आणि लोखंडाची एक बाजू धरली. दुसरी बाजू शाहिदनं धरली.